लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर पाळीची वेदना आणि संततिनियमन

लठ्ठपणावर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच अधिक असते आणि त्या स्त्रियांपैकी पुष्कळजणी पाळी चालू असण्याच्या वयातल्या असतात. शस्त्रक्रियेपूर्वी त्यांच्याशी होणाऱ्या चर्चेत प्रथिने, पाणी, चालणे, मधुमेह आणि रक्तदाब यांना योग्य ते स्थान मिळते. मात्र दर महिन्याला ओटीपोटात येणाऱ्या कळांसाठी यापुढे कोणती गोळी चालेल, आणि गर्भधारणा किती काळ व कोणत्या साधनाने टाळायची, हे दोन प्रश्न अनेकदा घरी परतल्यावरच उभे राहतात. वरकरणी ते स्त्रीरोगशास्त्राचे वाटले, तरी त्यांची मुळे शस्त्रक्रियेने बदललेल्या पचनमार्गात आहेत. कारण पाळीवरची नेहमीची वेदनाशामक गोळी आणि नेहमीची गर्भनिरोधक गोळी या दोन्ही तोंडावाटे घेतल्या जातात, आणि पहिली त्या मार्गाला इजा करू शकते, तर दुसरी त्या मार्गातून रक्तात पुरेशी पोहोचेलच अशी खात्री देता येत नाही. म्हणून या दोहोंचा निर्णय शस्त्रक्रियेच्या आराखड्याचाच भाग म्हणून आधीच व्हायला हवा.

बदललेला पचनमार्ग

आज प्रामुख्याने केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांचे दोन गट पडतात. ‘स्लीव्ह’ या पद्धतीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकून उरलेल्या जठराला अरुंद नळीचा आकार दिला जातो, पण अन्नाचा पुढचा मार्ग तसाच राहतो. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढी छोटी पिशवी वेगळी केली जाते आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडली जाते, त्यामुळे जठराचा मोठा भाग, जठरानंतरचे आद्यांत्र आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा हिस्सा यांना अन्न स्पर्शच करत नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये बायपासची सुरुवात केली; तिचेच एकच जोड असलेले रूप ‘मिनी बायपास’ म्हणून भारतात बरेच केले जाते. आपली शस्त्रक्रिया यांपैकी कोणती, हे प्रत्येक स्त्रीला नावानिशी ठाऊक असले पाहिजे, कारण औषधांबाबतचे पुढचे बहुतेक नियम त्यावर ठरतात.

कळा का येतात आणि गोळी काय करते

पाळीच्या वेदनेचे कारण बराच काळ वैद्यकाला नीट उमगलेले नव्हते. स्वीडिश शास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३५ मध्ये ‘प्रोस्टाग्लँडिन’ हे नाव दिलेल्या पदार्थांच्या गटाचा पाळीच्या स्रावाशी संबंध १९५७ पासून इंग्लंडमधील व्ही. आर. पिकल्स यांच्या संशोधनातून उलगडत गेला. पाळी येण्याआधी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी घसरली, की गर्भाशयाच्या अंतःस्तरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ लागतात. ते गर्भाशयाच्या स्नायूंना जोरात आकसायला लावतात, आकसलेल्या स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन रक्तपुरवठा कमी होतो, आणि त्यातून कळा उठतात. काहीजणींना त्याच दिवसांत होणारी मळमळ आणि पातळ शौच यांमागेही हेच पदार्थ असतात.

मेफेनॅमिक आम्ल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, ॲस्पिरिन ही सारी औषधे एकाच कुळातली असून त्यांना ‘स्टिरॉइडविरहित दाहशामके’ म्हणतात. ती प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच थांबवतात, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि त्या कामासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. पाळीच्या कळांवर ही औषधे इतकी गुणकारी का ठरतात, ते यावरून कळते. परंतु जठराच्या आतल्या त्वचेवरचा चिकट थर टिकवणे, तिथला रक्तप्रवाह राखणे आणि आम्लापासून तिचे रक्षण करणे ही कामेही प्रोस्टाग्लँडिनच करतात. गर्भाशयातले तेवढे थांबवावे आणि जठरातले सोडून द्यावे, असा भेद या गोळ्यांना करता येत नाही. त्यामुळे एकीकडे वेदना शमत असताना दुसरीकडे संरक्षण कमी होत असते.

बायपासनंतर ही बाब गंभीर होते. जठराची पिशवी आणि आतडे यांच्या जोडाजवळ आतड्याची जी त्वचा असते, ती आम्ल सोसण्यासाठी घडलेलीच नसते. तिचे उरलेसुरले संरक्षण या गोळ्यांनी काढून घेतले, तर जोडावर व्रण होतो. त्यातून रक्तस्राव होऊ शकतो आणि क्वचित आतड्याला भोक पडून तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणूनच बायपास झालेल्या व्यक्तींनी ही औषधे शक्यतो कायमची टाळावीत, असा सल्ला दिला जातो. इंजेक्शन किंवा गुदमार्गे ठेवायची गोळी घेतल्याने धोका टळतो, हा समज चुकीचा आहे, कारण प्रोस्टाग्लँडिनवरचा परिणाम रक्तामार्फतच होतो. स्लीव्हमध्ये असा जोड नसल्याने नियम थोडा सैल असतो आणि काही शल्यचिकित्सक आम्लरोधक औषधाच्या जोडीने मोजक्या दिवसांसाठी परवानगी देतात. पण ती त्यांना विचारूनच घ्यायची असते. जोडावरील व्रणाचे आणखी एक मोठे कारण धूम्रपान आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर तंबाखू सर्वच रूपांत सोडायला सांगितले जाते. महाराष्ट्रात अनेक स्त्रिया मिश्री लावतात आणि तिला व्यसन मानत नाहीत. मिश्री ही भाजलेली तंबाखूच असल्यामुळे डॉक्टरांनी तिच्याविषयी नाव घेऊन विचारावे आणि स्त्रियांनीही ते संकोच न करता सांगावे.

दुकानात मागितली जाणारी गोळी

आपल्याकडे पाळीच्या दिवसांत औषधाच्या दुकानातून घटकाच्या नावाने कोणी गोळी मागत नाही. ‘मेफ्टल स्पास’ किंवा ‘कॉम्बिफ्लाम’ अशा प्रचलित नावाने किंवा नुसते ‘पोटदुखीची’ म्हणून ती मागितली जाते. यांतील पहिलीत मेफेनॅमिक आम्लाबरोबर डायसायक्लोमिन हे स्नायूंचा आकस सैल करणारे औषध असते, तर दुसरीत आयबुप्रोफेनबरोबर पॅरासिटामॉल. जास्त रक्तस्राव थांबवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रानेक्सॅमिक आम्लाच्या काही गोळ्यांतही मेफेनॅमिक आम्ल मिसळलेले असते आणि नावापुढच्या ‘एमएफ’ या दोन अक्षरांवरूनच ते ओळखता येते. तेव्हा पाकिटावरच्या मोठ्या नावापेक्षा त्याखालची बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचण्याची सवय लावून घेणे, ही शस्त्रक्रियेनंतरची एक आवश्यक खबरदारी ठरते.

मग वेदनेवर उपाय कोणता? पहिला क्रम पॅरासिटामॉलचा लागतो, कारण ते मुख्यतः मेंदू व मज्जारज्जूच्या पातळीवर काम करते आणि जठराच्या त्वचेला धक्का लावत नाही. निरोगी प्रौढांसाठी त्याची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम मानली जाते, परंतु यकृतात चरबी साठून त्याला इजा झालेली असेल, वजन फार कमी झाले असेल किंवा पोषण अपुरे असेल, तर ही मर्यादा डॉक्टर खाली आणतात. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे मोजताना विसरू नये. डायसायक्लोमिन, ड्रोटावेरिन किंवा हायोसिन यांसारखी आकस सैल करणारी औषधे दाहशामकाशिवाय सुटी मिळतात आणि सल्ल्याने घेता येतात. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवण्याच्या जुन्या उपायालाही संशोधनाचा आधार मिळालेला आहे. उष्णतेने स्नायू सैल होतात आणि वेदना खरोखर कमी होते. नियमित व्यायाम, तसेच त्वचेवर लावलेल्या पट्ट्यांमधून सौम्य विद्युतस्पंद देणारे ‘टेन्स’ नावाचे छोटे यंत्र, यांचाही अनेकींना उपयोग होतो.

या उपायांनी भागत नसेल, तर वेदनेचे कारण शोधले पाहिजे. गर्भाशयाचा अंतःस्तर भलत्या जागी वाढण्याचा विकार म्हणजे एन्डोमेट्रिओसिस, तोच स्तर गर्भाशयाच्या स्नायूंत शिरण्याचा विकार म्हणजे ॲडेनोमायोसिस, किंवा गर्भाशयातील गाठी, यांची तपासणी केवळ वजनाकडे लक्ष असल्यामुळे राहून गेलेली असू शकते. उलट, पोटात दुखते म्हणजे पाळीचेच, असेही धरून चालत नाही. बेंबीच्या वर दुखणे, खाल्ल्यावर दुखणे, वारंवार उलटी होणे किंवा शौच काळी होणे ही व्रणाची लक्षणे असू शकतात, तर उजव्या बाजूला बरगडीखाली उठणारी कळ पित्ताच्या खड्यांची असू शकते, कारण वजन झपाट्याने उतरताना असे खडे होण्याचे प्रमाण वाढते.

रक्तस्राव आणि लोह

पाळीचा प्रश्न वेदनेपुरता नसतो. अन्नातले लोह शोषले जाण्यासाठी जठरातले आम्ल लागते आणि ते मुख्यतः आद्यांत्रात व त्यालगतच्या आतड्यात शोषले जाते. बायपासमध्ये नेमका हाच भाग वगळला जातो, आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिने दिल्या जाणाऱ्या आम्लरोधक औषधांनी त्यात भर पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आणि महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. म्हणजे अनेकजणी शस्त्रक्रियेला जातानाच लोहाची तूट घेऊन जातात, आणि पुढे दर महिन्याला रक्त जात राहते, पण भरून येण्याची वाट अरुंद झालेली असते.

म्हणूनच पाळी येणाऱ्या आणि बायपास झालेल्या स्त्रियांना दररोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह पूरक स्वरूपात देण्याची शिफारस आहे. हा आकडा गोळीच्या एकूण वजनाचा नसून तिच्यातील प्रत्यक्ष लोहाचा आहे. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे लागते आणि जेवणाला लागून चहा घेणे टाळावे लागते, कारण दोन्ही लोहाचे शोषण अडवतात. केवळ हिमोग्लोबिन पाहून समाधान मानू नये. शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे ‘फेरिटिन’ हिमोग्लोबिनच्या बरेच आधी घसरते. गोळ्यांनी साठा भरत नसेल, तर शिरेवाटे लोह देता येते. पण ज्या वाटेने ते जात आहे ती अरुंद करणे, म्हणजेच रक्तस्राव कमी करणे, हाही उपचाराचाच भाग आहे, आणि इथेच पाळीचा विषय संततिनियमनाला येऊन मिळतो.

प्रजननक्षमता लवकर परतते

लठ्ठपणात इन्सुलिनची पातळी वाढलेली राहते, त्यामुळे बीजकोशांत पुरुषी संप्रेरके जास्त तयार होतात. चरबीच्या पेशी त्यांतील काहींचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतात, आणि या असमतोलातून दर महिन्याला बीज सुटण्याची क्रिया बंद पडते किंवा अनियमित होते. ‘पीसीओएस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विकारात हे चित्र ठळकपणे दिसते. शस्त्रक्रियेनंतर इन्सुलिन उतरते, संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन वाढते, आणि वजन अपेक्षित पातळीवर येण्याच्या बरेच आधी, काही महिन्यांतच, बीज सुटणे पुन्हा सुरू होऊ शकते. जिला वर्षानुवर्षे ‘तुला मूल होणे कठीण आहे’ असेच ऐकवले गेले, ती स्त्री कोणतेही साधन वापरत नाही आणि नेमकी सर्वांत नाजूक काळात गरोदर राहते. पाळी चुकली तर ती वजन उतरल्यामुळेच चुकली, असे न मानता गर्भधारणेची तपासणी करावी, हे यासाठीच सांगितले जाते.

शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असा सल्ला आहे. काही संस्था ही मुदत २४ महिन्यांपर्यंत नेतात. या काळात शरीर स्वतःचाच साठा वापरत असते, आणि लोह, फोलिक आम्ल, जीवनसत्त्व बी-१२ व ड यांची तूट होण्याचा संभव मोठा असतो, त्यामुळे गर्भाची वाढ खुंटण्याचा धोका राहतो. तरीही या काळात गर्भ राहिलाच, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. लवकर डॉक्टरांकडे जाऊन आहार, पूरके आणि गर्भाची वाढ यांवर बारकाईने लक्ष ठेवले, तर अनेक गर्भारपणे नीट पार पडतात. मात्र अशा स्त्रीने बायपास झाल्याचे प्रत्येक दवाखान्यात सांगितले पाहिजे, कारण गर्भारपणातील मधुमेहासाठी ग्लुकोज पाजून केली जाणारी चाचणी तिला सोसेलच असे नाही, आणि त्याऐवजी घरी वारंवार साखर तपासण्याचा मार्ग घेता येतो.

साधनांची निवड

बायपाससारख्या शोषण घटवणाऱ्या शस्त्रक्रियांनंतर तोंडावाटे घ्यायच्या सर्व संप्रेरक गोळ्यांना अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत तिसऱ्या वर्गात टाकले आहे; ज्या साधनाचे तोटे सामान्यतः फायद्यांहून अधिक, तो हा वर्ग. स्लीव्हनंतर असे बंधन नाही, पण सुरुवातीच्या महिन्यांत उलट्या किंवा जुलाब झाले, तर गोळीचा भरवसा तिथेही राहत नाही. ब्रिटनमधील तज्ज्ञ तर शस्त्रक्रिया कोणतीही असली, तरी तोंडावाटे न घेण्याच्या साधनांकडे वळण्याचाच सल्ला देतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेली, सरकारी कार्यक्रमात ‘छाया’ नावाने मिळणारी गोळी संप्रेरकविरहित असली, तरी तीही आतड्यातूनच शोषली जाते, म्हणून बायपासनंतर तिच्यावर एकटीवर विसंबू नये.

पचनमार्ग टाळणाऱ्या साधनांत गर्भाशयात बसवायचे लिव्होनॉरजेस्ट्रेलयुक्त साधन सर्वांत उपयोगी ठरते. त्यात ५२ मिलिग्रॅम संप्रेरक असते, ते अनेक वर्षे अगदी अल्प प्रमाणात गर्भाशयातच झिरपते आणि अंतःस्तर पातळ ठेवते. अंतःस्तर पातळ राहिला की प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होतात, म्हणून कळा कमी होतात. रक्त कमी जाते, म्हणून लोह वाचते. आणि वर्षाला शंभरांत एकीपेक्षाही कमी स्त्रिया हे साधन असताना गरोदर राहतात. दीर्घकाळच्या लठ्ठपणामुळे अंतःस्तर जाड होऊन कर्करोगाचा संभव वाढतो, त्यापासूनही ते संरक्षण देते. अर्थात रक्तस्राव आधीपासून अनियमित असेल, तर त्याचे कारण आधी तपासून घ्यावे लागते. पहिले तीन ते सहा महिने थोडेथोडे रक्त दिसत राहते, नंतर पाळी हलकी होते आणि काहींची बंदही होते. पाळी आली नाही तर घाण आत साठते, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. पण अंतःस्तरच वाढत नसल्याने बाहेर पडण्यासारखे काही तयारच होत नाही, हे अशा प्रत्येक स्त्रीला शांतपणे समजावून सांगितले पाहिजे. शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या भुलीतच हे साधन बसवून घेता येते, म्हणून हा निर्णय आधी झालेला सोयीचा.

तांबी सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते आणि गर्भधारणा टाळण्यात तितकीच भरवशाची आहे, पण तिने काहींचा रक्तस्राव व कळा वाढतात. ज्यांना हे दोन्ही त्रास आधीच आहेत, त्यांनी ती जपून निवडावी. दंडाच्या त्वचेखाली बसवायची संप्रेरकाची बारीक कांडी तीन वर्षे काम करते आणि अतिशय परिणामकारक असते, मात्र तिने पाळीचे वेळापत्रक विस्कटू शकते. दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन २०१७ पासून सरकारी केंद्रांत मोफत दिले जाते; त्याने हाडांची घनता काहीशी उतरते आणि वजन वाढू शकते, तसेच ते थांबवल्यावर गर्भधारणा व्हायला काही महिने लागतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर ते पहिल्या पसंतीचे ठरत नाही. निरोध एकट्याने पुरेसा भरवशाचा नसला, तरी संसर्गापासून रक्षण तोच करतो. ज्यांचे कुटुंब पूर्ण झाले आहे, त्यांच्या नसबंदीवर, मग ती पत्नीची असो वा पतीची, पचनमार्गातील बदलांचा काहीही परिणाम होत नाही. पण नसबंदीने पाळीच्या कळा आणि रक्तस्राव कमी होत नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

संभोगानंतर ७२ तासांत घ्यायची तातडीची गोळी ७० किलोंहून अधिक वजन असलेल्या स्त्रियांमध्ये कमी परिणामकारक ठरू शकते आणि बायपासनंतर तिच्या शोषणाचीही खात्री नसते. अशा वेळी पाच दिवसांच्या आत तांबी बसवणे हा सर्वांत भक्कम उपाय आहे. वजन पुन्हा वाढल्यामुळे कोणी टिर्झेपाटाइडची इंजेक्शने सुरू केली, तर त्याने जठर उशिरा रिकामे होते, म्हणून इंजेक्शन सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर पुढचे चार आठवडे गर्भनिरोधक गोळीबरोबर निरोध वापरावा किंवा तोंडावाटे नसलेले साधन निवडावे.

शस्त्रक्रियेआधी ठरवायच्या गोष्टी

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि लठ्ठपणा व मोठी शस्त्रक्रिया ही त्याची आणखी दोन कारणे असल्याने त्या किमान चार आठवडे आधी थांबवून दुसरे साधन सुरू करावे लागते. पूजा, लग्न किंवा यात्रेसाठी पाळी लांबवण्याकरिता घेतल्या जाणाऱ्या नॉरेथिस्टेरॉनच्या गोळ्यांनाही हाच न्याय लागू होतो, कारण त्या मात्रेत त्यातील काही अंशाचे शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते. शिवाय त्या गोळ्या गर्भनिरोधक नसतात.

यासाठी शल्यचिकित्सक, आहारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी त्या स्त्रीशी एकदा स्वतंत्रपणे, नातेवाइकांना बाहेर बसवून, बोलले पाहिजे. अविवाहित मुलीला संततिनियमनाविषयी विचारणे अनेक डॉक्टरांना अवघड वाटते आणि घरच्यांना रुचत नाही. परंतु कळा, रक्तस्राव आणि लोह यांसाठी जे साधन उपचार म्हणून योग्य आहे, ते केवळ लग्न झाले नाही म्हणून तिच्यापासून दूर ठेवणे वैद्यकीयदृष्ट्या समर्थनीय नाही. रुग्णालयातून घरी जाताना दिल्या जाणाऱ्या कागदावर शस्त्रक्रियेचे नेमके नाव, टाळायच्या वेदनाशामकांची घटकनामे, पाळीत घ्यायच्या गोळीचे नाव व मात्रा, निवडलेले गर्भनिरोधक साधन आणि फेरिटिनच्या पुढील तपासणीची तारीख मराठीत लिहिलेली असावी. त्या कागदामुळे पुढच्या पाळीत औषधाच्या दुकानात उभी असलेली स्त्री सवयीची गोळी मागण्याऐवजी आपल्या नव्या शरीराला मानवणारी गोळी मागू शकेल, आणि शस्त्रक्रियेने मिळवलेले आरोग्य टिकवण्यात या माहितीचा वाटा आहाराइतकाच मोठा असेल.